काकाजींच्या बांधीतले मैदान

सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात पन्नासच्या दशकात फुटबॉलचे मैदान झाले, ते सारे गाव ज्यांना काकाजी म्हणे त्यांच्या बांधीत. भोवती पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातलेले धानाचे ते शेत. काकाजींकडे तेवढेच होते. धान निघाल्यावर त्यांनी ते एका अटीवर दिले. पावसाआधी माती होती तशी परत टाकायची.

रचनेची चर्चा झाली नाही. प्रेक्षक बसवण्याची गावाला एकच रीत ठाऊक होती, हिवाळ्यातल्या नाटकाची. नाटकासाठी जमीन मंचाकडे उतरती खणतात आणि निघालेली माती मागे टाकतात. इथे मंच नव्हता, म्हणून चारी बाजूंनी खणले. मधे सपाट तळ, भोवती मातीच्या पायऱ्या, पायऱ्यांवर बसायला धानाचे तणीस. तालुक्यातून लोक बैलबंड्या जुंपून ते पाहायला आले. मी गोलात उभा असे. वर पाहिले की चहूकडे डोकीच दिसत.

सामने लांबले. मग मोहफुले आली, त्यामागून तेंदूपान, आणि सगळी माणसे ती गोळा करायला जंगलात गेली. माती तशीच राहिली. पहिल्या मोठ्या पावसात मैदान काठोकाठ भरले. पाणी बाहेर पडायला वाट ठेवलेली नव्हती. नाटक पावसाळ्यात होत नाही, त्यामुळे ते कुणाला सुचले नव्हते.

खालच्या शेतांत धानाची रोपे लावून झाली, तेव्हा काकाजी पाळी फोडून पाणी काढायला कुदळ घेऊन गेले. खालच्या शेतांचे मालक तिथे आधीच उभे होते.

"काकाजी, फोडू नका. आमची रोवणी वाहून जाईल."

"अन् माहे पऱ्हे कुठी लावू? गोलात?"

"थोडे दिवस थांबा. हळूहळू काढून देतो पाणी."

"मातीबी हळूहळूच टाकून राह्यले होते तुम्ही."

काकाजींनी खालच्या हिरव्या बांध्यांकडे पाहिले. मग कुदळ खांद्यावर टाकून परतले. त्यांचे पऱ्हे, परसात वाढवलेली धानाची रोपे, पिवळे पडले. ते बैलांना घातले. पुढे भाद्रपदात पावसाने दडी मारली, तेव्हा खालची शेते मैदानातून काढून घेतलेल्या पाण्यावर पिकली.

हिवाळ्यात माणसे कुदळी घेऊन आली. काकाजींना वाटले, माती टाकायला आली. ती पाळीत खालच्या शेतांना पाणी सोडायची मोरी बसवायला आली होती. काकाजींनीच खाली उतरून मोरीची जागा दाखवली. आपल्या शेताचा उतार त्यांनाच माहीत होता.

पुढच्या रोवणीला ते मजुरीने गेले, त्याच खालच्या बांध्यांत.