वाक्य वहिनींचं, आवाज कुजबुजेंचा

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे, ते नाटक मंडळीनं लाडानं चिकटवलेलं. लहानपणी घशाच्या दुखण्यात आवाज गेला आणि उरली ती नुसती कुजबुज. पुढे तीच पोटाला लागली. विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य द्यायचं, हे त्यांचं काम. पहिल्या रांगेला चाहूल लागू न देता नेमका शब्द नटाच्या कानात टाकावा तो कुजबुजेंनीच. त्यांच्या शब्दांवर किती राजे सिंहासनावर टिकून राहिले! टाळ्या राजाला, आणि कुजबुजेंना विंगेतले ढेकूण.

पडदा ओढणाऱ्यांनी संप केला तेव्हा कुजबुजे लाल बावट्याखाली आले आणि तिथलेच झाले. परकं सरकार जावं, पण त्याच्या खुर्चीवर आपलाच एखादा शेठ बसू नये, एवढं त्यांचं राजकारण. पक्षानं त्यांना शहराचा चिटणीस केलं. सभेत वक्ता कुणीही असो, भाषण कुजबुजेंचं. पोलीस मात्र वक्त्याला उचलत.

तुरुंगातून सुटून आलेला एक लोहार एकदा चहा पिता पिता म्हणाला, "वाक्य तुमचं, कोठडी आमची! वाटणी झकास आहे हं, चिटणीस!"

सगळे हसले. कुजबुजेही हसले, पण कप तसाच खाली ठेवला.

त्यांची बायको लष्कराच्या लाँड्रीत कपडे धुवायची. तिथल्या बायका तिला वहिनी म्हणत. एके दिवशी शहरात मोर्चावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत शिपायांच्या कपड्यांचा ढीग आला, त्यावर रक्त. ते कुणाचं, हे सांगावं लागलं नाही. बायकांचे हात जागच्या जागी थांबले. फाटकावर सभा घ्यायची ठरली, पण पक्षाचे सगळे वक्ते आधीच आत.

"मी बोलते," वहिनी म्हणाल्या.

"अगं, धरून नेतील तुला!"

"मग काय तुम्ही बोलणार? अहो, घरात मीठ मागता ते मला ऐकू येत नाही!"

कुजबुजेंनी भाषण तयार केलं, ती भाकरी थापत असताना तिच्याकडून घोकून घेतलं. सभेला वहिनी हातगाडीवर चढल्या आणि कुजबुजे गाडीआड बसले. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याला वहिनी अडल्या.

"साम्राज्यशाहीच्या..." कुजबुजेंनी शब्द दिला. पुन्हा दिला. वहिनींनी मान हलवली. सोड्यानं सोललेल्या आपल्या हातांकडे बघितलं.

"बायांनो, आजवर घामाचे काढले, तेलाचे काढले, त्यांच्या दारूचेसुद्धा काढले. हे डाग आपण काढायचे नाहीत. राहू देत अंगावर. दिसू देत."

गाडीआड कुजबुजेंचे ओठ मिटले. फौजदारानं वहिनींना हाताला धरून खाली ओढलं.

खटल्याच्या दिवशी कुजबुजे न्यायाधीशांपुढे जाऊन उभे राहिले. घसा फाटेस्तोवर म्हणाले, "शब्द माझे आहेत. शिक्षा मला द्या."

"खोटं बोलतात, साहेब," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या वाक्यात साम्राज्यशाही होती. ती माझ्या जिभेवर चढेना, म्हणून मी माझंच बोलले."

कोर्ट हसलं. मग शिक्षा ऐकवली गेली आणि हसू विझलं. जाताना वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "जेवत जा वेळेवर," एवढंच.

रिकाम्या घरात कुजबुजेंचं मन लागेना. तिची शिक्षाही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. चार दिवसांनी लाँड्रीच्या फाटकावर ते एकटेच हातगाडीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा विंगेबाहेर. त्यांनी तोंड उघडलं आणि बायका एकदम गप्प झाल्या. गप्प झाल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं! पुढच्या बायकांनी वाक्य ऐकलं, मागच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. तेच ते, वहिनींचं. हे डाग आपण काढायचे नाहीत. वाक्य रांगांमागून रांगा ओलांडत रस्त्यापर्यंत पोचलं, तेव्हा त्याला शेकडो गळे फुटले होते.

फौजदार धावत आला. सगळीकडून तेच वाक्य येतंय, धरायचं कुणाला?

"बोलतंय कोण?" तो ओरडला.

एखादी बाई पुढे होईल, या धास्तीनं कुजबुजेंनी घाईघाईनं हात वर केला.

"मी."

तेवढं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.