वळणावर पाय उचलणारा

माल्टे न्योर्स्कोव शर्यतीत वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, हे त्याच्या बापानं कानानं पकडलं. प्रेबेन न्योर्स्कोव तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक. लांबून येणाऱ्या बसचं कुठलं बेअरिंग गेलंय, ते हा माणूस हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता सांगायचा. असा माणूस गेल्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या शर्यतीला कुंपणाशी उभा राहिला. उतारावरच्या त्या वेगवान वळणात बाकीच्या गाड्या एका सुरात निघून जात होत्या आणि एकीचाच आवाज क्षणभर दबत होता. पुढच्या फेरीत पुन्हा दबला. चाळीस फेऱ्या, चाळीस वेळा. गाडी कुणाची ते बघायला प्रेबेननं मान वर केली नाही. करायची गरजच काय, पोराच्या पायाचा आवाज बापाला कळत नाही होय?

परतीचा रस्ता अकरा तासांचा. त्यात तो माल्टेशी एकदाच बोलला, "पाऊस येईलसं दिसतंय."

ह्याच बापानं माल्टेला आठव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे पोरांच्या छोट्या रेसगाडीत, बसवलं होतं. फ्योर्डच्या खाडीकाठच्या त्या ट्रॅकवर वारा असा, की कार्ट सरळ रेषेत ठेवणं हीच अर्धी परीक्षा. माल्टे पहिल्याच मोसमात थोराड पोरांना मागे टाकू लागला. घरी आल्यावर प्रेबेन म्हणायचा, "वाईट नाही." आमच्याकडे ह्याहून मोठी शाबासकी नसते, ती ऐकून पोरगं रात्रभर उड्या मारायचं. एकदा जिंकलेला कप घरी आला, आणि प्रेबेननं सहज कार्ट काट्यावर चढवली, तर नियमातल्या वजनापेक्षा चारशे ग्रॅम कमी भरली. कुणाला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. प्रेबेननं पोराला आणि कपाला गाडीत घातलं, दीड तास मागे गेला आणि कप परत करून आला. माल्टे मागच्या सीटवर हमसून हमसून रडत होता. "रड," प्रेबेन म्हणाला, "पण लबाडीचा कप माझ्या घरात नको."

पुढे उघड्या चाकांच्या, एकट्यानं बसायच्या गाड्या आल्या. डेन्मार्कात माल्टे दुसरा आला, मग युरोपात गेला. तिथं सगळीच पोरं वेगवान, आणि बहुतेकांच्या बापांची विमानं. दीड मोसमात त्याची जागा दुसऱ्याला गेली. बावीस वर्षांचा घोडा, हातात काही नाही, बेकरीत बायका विचारणार, "काय रे, आता डेपोत का?" अशा वेळी बेंट ओकेल्स भेटला.

बेंटचा खिडक्यांचा कारखाना. अठ्ठावन्न वर्षांचा, पोटानं सुटलेला, मनानं राजा माणूस. त्याला स्पोर्ट्सकार चालवायचा नाद. ह्या लांबलचक शर्यतींत एकच गाडी तिघं आळीपाळीनं चालवतात. नियम असा, की तिघांत एक हौशी हवा, त्याला ब्राँझ म्हणतात. एक मधल्या दर्जाचा हवा, तो चांदीचा. तिसरा सोन्याचा, म्हणजे अव्वल. दर्जा ठरवते समिती, फेऱ्यांच्या वेळा बघून. ब्राँझ बेंट स्वतः. सोन्याचे ड्रायव्हर पायलीचे पन्नास. सगळे हुडकतात तो असा चांदीवाला, जो आतून सोन्याचा आहे. माल्टे तसा होता.

"फेरीला तीन दशांश सेकंद सोडायचे," बेंटनं पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं. "एका वळणावर पाय उचलायचा, बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरा. एकदा का त्यांनी तुला सोन्यात टाकलं, की मला दुसरा बघावा लागेल. मला ते आवडणार नाही, तुलाही नाही."

त्यात धमकी नव्हती. बेंटला खरंच वाईट वाटलं असतं, आणि हेच जास्त वाईट. शिव्या देणाऱ्या मालकाला लाथ मारून निघता येतं. वाढदिवसाला घरी केक पाठवणाऱ्याचं काय करायचं?

झालं. माल्टे पाय उचलू लागला. पहिल्या वर्षी त्याला ती हुशारी वाटली. दुसऱ्या वर्षी ती बोचायला लागली. ते वळण जवळ आलं की सगळं अंग म्हणायचं दाब, आणि पाय उचलायचा. जे करायला जन्माला आलो तेच करायचं नाही, आणि न करण्याचा पगार घ्यायचा! तिसऱ्या वर्षी बापानं ऐकलं.

बेल्जियमनंतर प्रेबेन एकाही शर्यतीला आला नाही. जेवताना गाड्यांचा विषय निघाला की आई, डोर्टे, बटाटे पुढे करायची. आणि एक नवीनच सुरू झालं. माल्टे घरून निघाला की प्रेबेन दारात येऊन म्हणायचा, "हळू जा रे." ज्या बापानं जन्मात पोराला 'हळू' म्हटलं नव्हतं, तो आता सायकलवर ब्रेड आणायला निघालेल्या पोराला हळू जा म्हणत होता. माल्टेच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. मी घाबरत नाही, बाबा, असं ओरडावंसं वाटायचं. पण ओरडला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग पाय का उचलतोस? त्याला खरं उत्तर एकच, आणि ते ऐकणारा माणूस चारशे ग्रॅमसाठी दीड तास मागे गेलेला. म्हणजे बापाच्या नजरेत भित्रा राहायचं, नाहीतर लबाड व्हायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ऑक्टोबरात माल्टेला पंचवीस पूर्ण झाली. त्याच सकाळी बेंटचा फोन आला. आधी त्यानं वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेही बेसूर, आणि मग म्हणाला, "करार अजून दोन वर्षं, आहे तस्सं. सोमवारी सांग."

माल्टे खिडकीशी उभा राहिला. अंगणात बापानं वाढदिवसाचा म्हणून पहाटेच झेंडा चढवला होता, तो वाऱ्यानं फडफडत होता. अजून दोन वर्षं भित्रा? त्याचं ठरलं. आजच सांगायचं. लबाड तर लबाड, शिव्या घालू दे, घराबाहेर काढू दे. पण आपलं पोरगं घाबरट आहे असं समजून ह्या माणसानं म्हातारं व्हायचं नाही.

बूट घालून तो बापाला गाठायला बाहेर पडला, तर फाटकाशी मित्र उभेच. आमच्याकडे पंचविशी आली आणि लग्न नाही म्हणजे अंगावर दालचिनी ठरलेली! त्यांनी त्याला उचलला, बेकरीसमोरच्या दिव्याच्या खांबाला बांधला, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावला, वरून पाणी ओतलं आणि दालचिनीची पिठी पोत्यानं टाकायला सुरुवात केली. येणारेजाणारे थांबून हसत होते. माल्टेही हसत होता. हसताना तोंडात पिठी जात होती.

"अरे, दोर सैल बांधा!" क्रेस्टेन ओरडला. लहानपणी कार्टमध्ये माल्टेकडून दर आठवड्याला हरणारा, आता सुतारकाम करणारा क्रेस्टेन. "ह्याला दोर कशाला लागतो? हा तसाही ब्रेकवरच बसलेला असतो!"

लोक खो खो हसले. मग बाजूला झाले, कारण गर्दीच्या मागं प्रेबेन उभा होता. तो पुढे आला, खिशातून चाकू काढला आणि दोर कापला.

"चल. अंगणात धुतो तुला."

घरामागं गॅरेजच्या भिंतीशी माल्टे उभा राहिला. प्रेबेननं पाइप घेतला. पाणी बर्फासारखं गार, आणि पायांशी तपकिरी ओहोळ वाहायला लागला. माल्टेनं चष्मा काढला. हीच वेळ, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"बाबा, ते पाय उचलण्याचं—"

"थांब. आधी मी बोलतो, नाहीतर परत बोलवणार नाही माझ्याच्यानं." प्रेबेन त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता, गुडघ्यांवर पाणी मारत होता. "मी भंगार गाड्यांच्या शर्यती खेळायचो, माहीत आहे ना तुला?"

"हो. पाठ गेली म्हणून सोडल्यास."

"पाठीला काय धाड भरली होती? पाठ ठणठणीत आहे माझी." त्यानं पाइप पोटऱ्यांवर वळवला. "गाडी उलटली. मी पट्ट्यात उलटा लटकलेला, आणि पेट्रोल टप टप माझ्या मानेवर. दहा मिनिटं, रे. त्यानंतर दोनदा बसलो गाडीत. वळण आलं की पाय आपोआप वर यायचा. म्हणून पाठ दुखते म्हणून सांगितलं. तुझ्या आईलासुद्धा तेच सांगितलंय. बत्तीस वर्षं झाली."

माल्टे भिजलेला, कुडकुडत उभा होता.

"आणि बेल्जियममध्ये तुझी गाडी ऐकली," प्रेबेन म्हणाला. "तोच आवाज. वाटलं, हे ह्याला माझ्याकडूनच गेलं. रागावलो नव्हतो रे तुझ्यावर. कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर यायचं, ते कळत नव्हतं." आता त्यानं मान वर केली. बेल्जियमनंतर तो पहिल्यांदाच सरळ पोराकडे बघत होता. "भीती वाटणं पाप नाही, माल्टे. मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुला सांगतोय. कधीपासून वाटते तुला?"

खरं वाक्य माल्टेच्या जिभेवर तयार होतं. मला भीती वाटत नाही, बाबा, कधीच वाटली नाही. सात-आठ शब्द. ते उच्चारले की तो सुटणार होता, आणि समोरचा हा साठीला आलेला माणूस हातात पाइप धरून, आपलं बत्तीस वर्षांचं उघडं पडलेलं गुपित घेऊन, एकटाच तिथं उभा राहणार होता.

"तीन वर्षं झाली," माल्टे म्हणाला.

प्रेबेननं नळ बंद केला. पोराचं ओलं, दालचिनीनं माखलेलं डोकं त्यानं दोन्ही हातांनी धरून आपल्या छातीशी दाबलं.

"आधी का नाही सांगितलंस, वेड्या? एवढी वर्षं एकट्यानं काढलीस," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा मोकळा, की माल्टेनं तो कार्टच्या दिवसांतही बघितला नव्हता. "आता आपण दोघं आहोत."