ब्रेक दिला म्हणजे काय

चाकणच्या पट्ट्यात ‘ब्रेक’ हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. कंत्राटी कामगाराला कंपनी काही महिने ठेवते आणि पर्मनंटचा विषय निघायच्या आत घरी पाठवते, त्याला ब्रेक म्हणतात. काढलं असं म्हणायचं नाही, ब्रेक दिला म्हणायचं. मला ब्रेक दिला तेव्हा सुपरवायझरनं अगदी गोड आवाजात सांगितलं. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून राग आहे.

एरवी मी गावी जाऊन महिनाभर लोळले असते. पण तेव्हा पुनावळ्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत आई राहायला आली होती, आणि ती भावाच्या घरातून भांडून आली होती. भांडण कशावरून, तर वरणात गूळ घालायचा की नाही. सून घालते, आईला चालत नाही. पुन्हा या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही, असं सगळ्या गल्लीला ऐकवून तिनं गेवराईहून एसटी पकडली होती. आता पुढच्या महिन्याचं भाडं जमलं नाही तर खोली जाणार, आणि खोली गेली की आईला नाक मुठीत धरून त्याच उंबऱ्यावर जावं लागणार. नोकरी गेल्याचं मला जेवढं वाटलं नाही, तेवढं याचं वाटलं.

दुसऱ्या कंपनीत लागायचं तर कंत्राटदाराच्या दारात खेटे घालायचे. एवढा धीर कुणाला? मी हॉटेलं धरली. हॉटेलात आज गेलं तर आज काम, शिवाय जेवण तिथंच. पहिल्या ठिकाणी त्यांना बाईमाणूस नको होतं. दुसऱ्या ठिकाणी मालकानं विचारलं, इंग्रजी येतं का. मी म्हटलं, बिर्याणीला इंग्रजीत काय म्हणतात तेवढं सांगा, बाकीचं शिकते. त्यांना विनोद आवडला नाही. तिसरं रावेतमधलं, नव्या सोसायट्यांसमोरचं फॅमिली रेस्टॉरंट. तिथल्या कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या म्होरक्याला, दोन पोरं न सांगता गावी पळाल्यामुळं सकाळीच घाम फुटला होता. त्यानं अनुभव विचारला. मी म्हटलं, शिफ्टभर उभं राहायचा आहे. तो म्हणाला, तेवढाच लागतो, माझा नंबर लिहून घेतला आणि ॲप्रन हातात दिला.

आता कंपनीत माझं काम तपासणीचं. माल हातात आला की उलटसुलट बघायचा, डाग दिसला की बाजूला. तंदूरमधून पहिली रोटी आली ती एका कडेला करपलेली. हात आपोआप बाजूला गेला. दुसरी वाकडी, तीही बाजूला. थोड्याच वेळात काउंटरवर रिजेक्ट रोट्यांची चळत लागली आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचं कुटुंब नुसतेच पापड मोडत बसलं. तंदूरवाला बाहेर आला आणि विचारायला लागला, रोटी खायला द्यायचीय की तिच्याशी कुणाचं लग्न लावायचंय? मीही काही कमी नाही. म्हटलं, असल्या तोंडाची स्थळं आम्ही दारातूनच परत पाठवतो. कॅप्टन मधे पडला म्हणून मिटलं. त्यानंतर मी गुमान येईल ती रोटी वाढली.

चारच्या सुमारास गर्दी ओसरली. कॅप्टन माझ्याकडे आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “ताई, तुम्हाला ब्रेक दिला. निघा आता.”

मी ॲप्रन काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि तंदूरकडं न बघता बाहेर पडले. कंपनीनं निदान दिवाळी तरी करू दिली होती, या लोकांना एक दुपारसुद्धा धीर निघाला नाही! रस्ताभर रडले. स्वतःचाच राग येत होता. कुणी सांगितलं होतं रोट्या तपासायला?

आईला म्हटलं, ब्रेक दिला. त्या शब्दाचा अर्थ तिला माझ्याच नोकरीनं शिकवला होता. तिनं दोरीवरच्या साड्या काढल्या आणि पिशवीत भरायला लागली. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, लेकीच्या जिवावर किती दिवस बसायचं, आणि स्वतःच सुनेला फोन लावला. आईला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरू होता. पलीकडं रिंग वाजत होती तेवढ्यात माझाही फोन वाजला. कॅप्टन. ॲप्रन ठेवून कुठं गेलात, तंदूरवाल्याचं मनाला लावून घेतलं का, असं विचारत होता. मी फणकाऱ्यानं म्हटलं, तुम्हीच ब्रेक दिलात ना?

“अहो ताई, चार ते सात सगळ्यांनाच ब्रेक असतो. जरा पडा आणि या. सातला टेबलं लावायचीत.”

हसावं की रडावं तेच कळेना. आईला कानात सांगितलं, काम गेलं नाही, रात्री जायचंय. तोवर तिकडं सुनेनं फोन उचलला होता. सासूला ती मामी म्हणते.

“मामी, कधी येताय? पोरं रोज विचारतात.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग पिशवीतून एक साडी काढून परत दोरीवर टाकली.

“यीन की,” ती म्हणाली. “पोरांना बघायला चार दिवस यीन. मग माघारी माझ्या घरी.”