आत्याबाईंचं पाण्यावरचं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकींना नाही. देवापुढे गुडघे टेकले तरी दुसरंच बोलत बसते, पाऊस पाड, पोरांना सांभाळ, आणि हे तेवढं बाजूला ठेवते. त्याला तर ठाऊकच आहे, असं स्वतःला समजावते. खरं म्हणजे तोंडातून निघत नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

पण आधी माझ्या सासूबाई तुम्हाला कळल्या पाहिजेत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. श्रीरामपूरच्या अलीकडे आमची ख्रिस्ती वस्ती, तिथं त्यांचं नावच पडलेलं ‘विमानवाली’. तरुणपणी त्या नगरच्या छावणीत एका लष्करी साहेबाकडे आया होत्या. मडम आजारी पडली, तिला घाईनं विलायतेला न्यायचं ठरलं, आणि तिचं तान्हं बाळ आत्याबाईंशिवाय कुणाच्या हाताला राहीना. मग आत्याबाईही निघाल्या. आगबोटीनं कराची, आणि कराचीहून विमानानं. साधं विमान नव्हे हो, पाण्यावर उतरणारं! खाली होडीसारखं पोट. त्या काळी इतक्या लांबच्या वाटेवर विमानतळ कुठले असायला? समुद्र, नदी, तळं, जिथं पाणी तिथं उतरायचं, तेल भरायचं, पुन्हा उडायचं.

आणि वाटेत एकदा ते उतरलं गालील समुद्रावर. शुभवर्तमानातला गालील! आमच्यातल्या निम्म्या बायकांनी मुंबईसुद्धा बघितली नव्हती, आणि ही बाई गालीलच्या पाण्यात हात बुडवून आलेली.

सांगायच्याही अशा की पोळी तव्यावर करपायची. “खिडक्यांवर पांढरं पानी चढलं गं! म्हटलं, झालं, बुडालो. म्या लेकराला पोटाशी धरून वरडाया लागले, तर ती मडम आजारी असून हसती!” मग आवाज खाली आणून — “समुद्र म्हनत्यात, पर पानी गोडं हाय बरं का. म्या चाखलंय.”

मला त्या आवडायच्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, सासूसुनेचं भांडण असणार. भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं का?

त्यांची एक गोष्ट मला ठाऊक होती, जी वस्तीला ठाऊक नव्हती. माझी धाकटी तापानं फणफणली होती तेव्हाची. गोवर निघायच्या बेतात होता, आणि माझ्या सख्ख्या भावाचं लग्न. मी बांगड्या भरलेल्या, लुगडं काढून ठेवलेलं. म्हटलं, पोर राहील आजीपाशी, दोन दिवसांचा तर प्रश्न. आत्याबाईंनी दारात माझं मनगट धरलं. मला आत नेऊन बसवलं आणि सांगितलं.

विमानानं गेल्या तेव्हा त्यांची स्वतःची एक लेक होती, नुकती पाऊल टाकायला लागलेली. तिला त्यांनी थोरल्या बहिणीपाशी, मार्थामावशीपाशी ठेवली. कितीतरी महिन्यांनी त्या आगबोटीनं परत आल्या, तर मार्थामावशी स्टेशनवर रिकाम्या हातांनी उभी. गोवरानं पोर गेली, हे वस्तीला माहीत होतं. आई विलायतेला निघून गेल्यावर ताप आला, असं मार्थामावशीनं सगळ्यांना सांगितलेलं. पण ते तसं नव्हतं.

“ताप आधीच हुता,” आत्याबाई म्हणाल्या. “निघताना आंगाला हात लावला तर चटका बसला. मला ठावं हुतं. आन मडमेनं जबरी न्हाई केली. ती म्हनली, यायचं का नको ते तुझं तू ठरव. मला जायाचं हुतं. मला ते इमान बघायचं हुतं.” मग म्हणाल्या, “मार्थीनं आजवर झाकलं. तिला बी म्हाईत न्हाई, म्या तुला सांगितलं त्ये.”

मी लग्नाला गेले नाही. माझी लेक वाचली.

आता पुढे ऐका, आणि मी काय केलं ते बघा.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी खडखडीत. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. त्याच सुमाराला शाळेत भूगोलाचे एक नवे गुरुजी आले. त्यांच्या कानावर विमानवाली आली, आणि त्यांना वेडच लागलं. म्हणाले, ती विमानं आता जगातून गेल्यात जमा, त्यांतून समुद्र ओलांडलेली माणसंही जातील. या आजींना पोरांसमोर बसवू, त्या दिवसांची आठवण जागवू. चर्चच्या पाळकसाहेबांना तर गालीलचं भारी अप्रूप. मग ठरलंच. गुरुजींनी पत्र्याचं विमान करवून घेतलं, नकाशावर लाल दोऱ्यानं कराचीपासूनची वाट लावली. मालकांनी आईसाठी पांढरंशुभ्र लुगडं आणलं.

मी संध्याकाळी हाताला फोड घेऊन यायची, तर गुरुजी ओट्यावर, आत्याबाई रंगात, आणि मालक म्हणायचे, “अगं, चहा टाक.” खडीवरच्या बाया मला चिडवायच्या, “काय गं, सासू आभाळात आन सून धोंड्यात!” मी पण हसायची. मोठ्यानं हसायची.

हेवा होता का? होता. दुष्काळाचं नाव पुढे करता येईल, थकव्याचं करता येईल. पण खडीवरच्या त्या सगळ्याच थकलेल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणी हे केलं नाही.

गुरुवारी आमची बायकांची प्रार्थनासभा असायची, पाळकीणबाईंच्या घरी. आमच्यात रीत अशी, की प्रार्थनेआधी प्रत्येकीनं आपला विषय सांगायचा. कुणाचा नवरा पितो, कुणाला मूल नाही, कुणाच्या सुनेचं पटत नाही. मग डोळे मिटून सगळ्या त्यासाठी मागतात. तिथं सांगितलेलं तिथंच राहतं, असं म्हणायचं. राहत नाही, हे प्रत्येकीला ठाऊक. मलाही ठाऊक होतं. हे पक्कं लक्षात घ्या, मला ठाऊक होतं.

माझी पाळी आली. मी एरवी पावसासाठी मागायची. त्या दिवशी म्हटलं, “आमच्या आत्याबाईंसाठी प्रार्थना करा. त्यांच्या मनावर वझं हाय.”

“कसलं गं?” पाळकीणबाईंनी विचारलं.

इथंच थांबता आलं असतं. मी पदर डोळ्याला लावला — आणि खरंच रडू आलं मला, खोटं नव्हतं ते — आणि सांगून टाकलं. अंगात ताप असताना पोर टाकून गेल्या. कुणी जबरी केली नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि ते मला — कसं लिहू? — ते मला गोड लागलं.

मग आम्ही डोळे मिटले. पाळकीणबाईंनी सुंदर प्रार्थना केली.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. घमेल्यात चार बोटं पाणी घालून त्यात पत्र्याचं विमान ठेवलेलं, आणि त्या दुष्काळात पोरं विमानापेक्षा पाण्याकडंच बघत होती. मार्थामावशी लांबच्या गल्लीतून काठी टेकत आलेली, पहिल्या रांगेत बसलेली, बहिणीचं कौतुक बघायला. आत्याबाई बोलायला लागल्या. खिडक्यांवर पांढरं पाणी चढलं इथवर आल्या, पोरं हसली, आणि बायकांमधून सुंद्राबाईचा आवाज आला.

“आन घरी लेकरू तापात जळत हुतं, त्ये बी सांग की!”

सुंद्राबाई गुरुवारी माझ्या शेजारीच बसली होती. आणि राहायची कुठं? मार्थामावशीच्या भिंतीला भिंत लावून.

आत्याबाईंनी आधी सुंद्राबाईकडे बघितलं, मग हळूच मार्थामावशीकडे. बघतच राहिल्या. मार्थामावशी धडपडत उठली. “म्या न्हाई गं! माझ्या तोंडाकडं बघ — म्या न्हाई!” एवढंच म्हणत राहिली. दुसरं म्हणणार तरी काय? तिच्या समजुतीनं हे जगात दोघींनाच माहीत होतं.

मी दोन रांगा मागं होते. धाकटी मांडीवर होती, तीच, वाचलेली. मी तिच्या केसांत तोंड घातलं.

पुढं आत्याबाईंनी विमानाचं नाव काढलं नाही. मार्थामावशीचंही नाही. ती दोनदा आमच्या दारात आली. दोन्ही वेळा मीच पुढं झाले. ओट्यावर बसून हातापाया पडल्यासारखं म्हणाली, “पोरी, तिला एवढं सांग, म्या न्हाई बोलले. एवढंच सांग.”

“सांगते, मावशी,” मी म्हटलं. पाणी दिलं. आणि सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेली. सगळी वस्ती तिच्या मातीला गेली. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला वाटलं, आता सांगावं, अजून कबरस्तानात पोचतील. वाटलं, आणि मी भाकरी थापत राहिले.

वर्षभरानं आत्याबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि माझा हात धरला, तोच, मनगटाशी.

“सख्ख्या भनीनं मला उघडं पाडलं,” म्हणाल्या. “आन तू परक्याची लेक, तू झाकलंस. कधी चकार शब्द काढला न्हाईस. व्हय ना गं?”

शुद्धीत होत्या. घाई नव्हती. अख्खी दुपार पडली होती आमच्यापुढं.

मी म्हटलं, “व्हय, आत्याबाई.”

त्यांनी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी तो ठेवू दिला.