चौथीसकट फोटो

बस डेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक लांबट शेड आहे. फाटलेल्या सीटा तिथे येतात आणि शिवून परत जातात. अवजड शिलाई मशिनं, रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे, आणि या सगळ्यावर राज्य करणारी एक बाई. वयानं पंचेचाळिशीची, अंगानं काटक, आणि दंड असा की नवीन ड्रायव्हर तिच्याशी वाद घालण्यापूर्वी एकदा त्या दंडाकडे बघून घेतो. डेपोत सगळे तिला तिसरी म्हणतात. आईबापांची ती थोरली मुलगी, त्यामुळे या नावाचं कोडं नव्या माणसाला हमखास पडतं. तिचा नवरा त्याच डेपोत बस चालवतो. कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "काय करणार, माझी पहिलीच बायको तिसरी निघाली."

नाव पडलं ते रिले शर्यतीवरून. तरुणपणी ती गावच्या क्रीडा क्लबात पळायची. चौघींच्या संघात तिचा टप्पा तिसरा, म्हणजे मैदानाच्या वळणाचा. वळणावर पळणं म्हणजे धावता धावता पडण्यापासून स्वतःला सावरत राहणं, असं ती म्हणते. वळण संपलं की हातातला बॅटन चौथीला द्यायचा. चौथी उंच होती, तिला लांबी म्हणत. सरळ रेषेत पळायला तिच्यासारखी दुसरी नव्हती.

देशाच्या मोठ्या स्पर्धेत या चौघींनी सुवर्णपदक मिळवलं. पेपरात फोटो आला, क्लबातल्या मोठ्या माणसांनी हात मिळवले, घरी शेजारणींची रीघ लागली. आणि काही दिवसांनी बातमी आली की लांबीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं आहे. रिलेचा नियम सरळ आहे. एकीनं घेतलं की संघ बाद. चौघींची पदकं परत गेली.

तिसरीला पदक गेल्याचं दुःख झालंच, पण ते दुःख पचलं असतं. पचलं नाही ते दुसरंच. चौकशीत लांबी तोंडातून अक्षर काढेना. औषध कुणी दिलं ते सांगितलं नाही, आणि बाकी तिघींना यातलं काही ठाऊक नव्हतं हेही सांगितलं नाही. मग लोकांनी आपापल्या परीनं ते भरून काढलं. चौघी एकाच मैदानात, एकाच खोलीत, एकाच ताटातल्या, एकीनं घेतलं आणि तिघींनी नाही, हे कसं शक्य आहे? तिसरीला बघायला पाहुणे आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू पण घेत होतीस का गं ते?" ती नाही म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. पुढे कधी ती पाणी भरून, डबे करून, धावत बस गाठायची, तर सासूबाई म्हणायच्या की लोक औषध घेऊन पळतात, आम्हाला औषध घेऊन उठवत नाही. म्हातारी विनोदानंच बोलायची. पण तिसरीला दर वेळी ते ऐकून हातातलं भांडं जरा जोरात ठेवावंसं वाटायचं.

लांबीशी ती त्यानंतर एकदाही बोलली नाही. लांबी त्याच गावात, नदीपलीकडच्या बाजूला राहत होती, एवढंच ठाऊक होतं.

वीसेक वर्षं अशी गेली आणि एका सकाळी क्लबाचे सचिव शेडमध्ये येऊन उभे राहिले. क्लबाची नवी इमारत झाली होती. आत लांबलचक दालन, तिथे क्लबाचं नाव काढणाऱ्या खेळाडूंचे फोटो लागणार, आणि उद्घाटनाला त्यांचा सत्कार होणार. सचिव माणूस भला. फोमच्या तुकड्यावर अवघडून बसत त्यांनी सांगितलं की त्या रिलेवरून समितीत बरीच खडाजंगी झाली. काही म्हणाले चौघींनाही बोलवा, काही म्हणाले कुणालाच नको. शेवटी ठरलं की तिघींचा सत्कार करायचा. "तुमचा काही दोष नव्हता," ते म्हणाले.

तिसरीनं मशीन थांबवलं. हे वाक्य ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, आणि ते असं रेक्झिनच्या वासात, मागच्या दारानं येईल असं तिला वाटलं नव्हतं. सचिवांना तिच्याकडचा पेपरातला मूळ फोटो हवा होता. क्लबाकडची प्रत त्या वेळीच काढून टाकली होती. लांबीला फोटोतून वगळायचं होतं, ते काम करणारा माणूस होता. तिसरी म्हणाली, वगळा. संध्याकाळीच तिनं फोटो क्लबात पोचवला.

आठवड्यानं सचिवांनी तयार झालेलं चित्र तिच्या मोबाइलवर पाठवलं आणि ठीक आहे का विचारलं. जेवणाची सुट्टी होती. मूळ फोटो बॅटन देतानाचा, त्यात दोघीच: तिसरीचा हात पुढे ताणलेला, हातात बॅटन, आणि त्याच बॅटनवर लांबीची मागे पसरलेली बोटं. लांबीला काढल्यावर तो हात नुसताच हवेत राहिला असणार, ते त्या संगणकवाल्या माणसाला बरं दिसलं नसणार. माणूस कामसू. त्यानं तिसरीच्या छातीपुढे शर्यत संपते तिथली फीत काढली होती, आणि मागे टाळ्या वाजवणारे लोक. तिसरी शर्यत जिंकत होती.

खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. ती छान दिसत होती. तिनं स्वतःच फोरमनला दाखवलं, फोरमननं अख्ख्या डेपोला. लोक म्हणाले, अहो, तुम्ही पहिल्या आला होतात आणि आम्हाला तिसरी म्हणायला लावलंत? ती हसत राहिली. सगळी दुपार ती सीटा शिवता शिवता मधूनच मोबाइल उघडून बघत होती.

संध्याकाळी नवऱ्यानं चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाला, चांगलं आहे. मग विचारलं, "पण ही शर्यत कुठली?"

त्यानं साधाच प्रश्न विचारला होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिसरीनं चित्र पुन्हा जवळ धरून पाहिलं. ही शर्यत कधी झालीच नव्हती. फीत तिच्या छातीला आयुष्यात कधी लागली नव्हती. वळणावर पळणाऱ्याला ती लागतच नाही. तिनं मोबाइल पालथा ठेवला. 

दुसऱ्या दिवशी तिनं सचिवांना फोन केला. "लांबीनं औषध घेतलं होतं," ती म्हणाली. "ही खोटी फीत लावून मला तेच तुम्ही देताय. मी घेणार नाही."

सचिवांना आधी कळेना, मग कळल्यावर ते वैतागले. फीत काढून टाकू म्हणाले. तिनं सांगितलं की फीत काढून भागणार नाही, फोटो होता तसा लावा, चौथीसकट, आणि खाली काय घडलं ते लिहा. सचिव म्हणाले, म्हणजे औषध घेणारीला आम्ही भिंतीवर चढवायचं? उद्या मुली विचारतील. ती म्हणाली, विचारू देत, म्हणून तर लिहायचं. शेवटी त्यांनी शनिवारच्या समितीच्या बैठकीला या म्हणून फोन ठेवला. त्यानंतर पहिलीचा फोन आला. संघातली पहिली आता वह्या-पुस्तकांचं दुकान चालवते आणि तिचा आवाज दुकानापेक्षा मोठा आहे. ती म्हणाली की इतक्या वर्षांनी दारात आलेला मान तू आमच्या हातून घालवणार, दुसरीची तर परदेशातून यायची तिकिटंही काढून झालीत. तिसरीनं सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारी ये एवढंच सांगितलं.

शुक्रवारी ती सुट्टी टाकून नदीपलीकडे गेली. लांबी एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. काचेच्या कपाटांमधल्या अरुंद जागेत, दिव्याखाली वाकून, एवढासा स्क्रू फिरवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, जवळचा की लांबचा? मग मान वर केली.

 लांबीनं एक स्टूल पुढे सरकवलं. तिसरी बसली नाही. तिनं काय ठरलंय ते सांगितलं. लांबी म्हणाली, मग काढू देत ना मला. माझी हरकत नाही, मला सवय आहे.

"तुझी हरकत विचारायला नाही आले मी," तिसरी म्हणाली आणि फीत असलेलं चित्र तिच्यासमोर धरलं.

लांबीनं ते पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "बाई गं. तू एवढी पुढे कधी होतीस? तू मला बॅटन दिलास तेव्हा आपण तिसऱ्या होतो."

"दुसऱ्या."

"तिसऱ्या."

"दुसऱ्या होतो. वळणावर मी एकीला मागे टाकलं, हिरव्या बनियनवालीला."

 लांबी डोळे बारीक करून कुठेतरी बघत होती. "हो," ती म्हणाली. "हिरवी. तुझ्या खांद्यामागे दिसली होती मला. दुसऱ्या होतो."

आता तिसरी बसली. हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं आणि ते समोर बसलं होतं. त्या दिवसापासून तिला कुणी तिच्या वळणाबद्दल विचारलंच नव्हतं. जिंकलो ते औषधानं, असं एकदा ठरलं की बाकीचं कोण कशाला लक्षात ठेवतो.

मग तिनं विचारायचं होतं ते विचारलं. चौकशीत गप्प का बसलीस?

औषध लांबीच्या भावानं आणून दिलं होतं. तो तेव्हा औषधांच्या गोदामात होता. एक सांगितलं की पुढचं विचारतात, आणि त्याची पोरं लहान होती. लांबीनं हे सांगितलं ते किंमत सांगावी तसं, डोळ्यांत पाणी न आणता. तिसरी म्हणाली, भाऊ वाचला आणि आम्ही तिघी बुडालो. लांबी म्हणाली, हो. तिनं भावाचं निमित्त पुढे केलं नाही, माफीही मागितली नाही. मागितली असती तर तिसरी बहुधा उठून निघून गेली असती.

"फोटोखाली तुझं नाव येणार," तिसरी म्हणाली. "तू घेतलंस हे पण येणार."

"इथे मालकांना माहीत नाही."

"तरी येणार."

लांबीनं हातातला चष्मा पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं नंतर या म्हणून सांगितलं. मग विचारलं, "बैठक किती वाजता आहे तुमची?"

शनिवारी समितीच्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. लांब टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष, सचिव आणि इतर, दुसऱ्या बाजूला तिसरी आणि रुसलेली पहिली. लांबी दारात आली तेव्हा पहिलीनं खुर्ची करकरवत तोंड फिरवलं. लांबी बसली नाही.

"औषध मी घेतलं होतं," ती म्हणाली. "या तिघींना माहीत नव्हतं. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. आता लिहून घ्या."

 पहिली हळूच म्हणाली, "वीस वर्षं लागली तुला हे बोलायला." लांबी म्हणाली, लागली. समितीतले एक वयस्कर प्रशिक्षक भारावून गेले. ते म्हणाले की हिनं शिक्षा भोगली, आज खरंही बोलली, आता चौघींचाही सत्कार करून हा विषय मिटवू. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. असं काही होईल याची तिसरीला भीती होतीच.

"नाही सर," ती म्हणाली. "शिक्षा संपली म्हणून ती पुन्हा पळू शकत होती. पण ती शर्यत तिनं जिंकलेली नाही, आणि न जिंकल्याचा सत्कार कसा करायचा? ती आमच्यात होती, म्हणून फोटोत राहील. सत्कार नाही."

सगळ्यांनी लांबीकडे पाहिलं. लांबी म्हणाली की बरोबर आहे, तिला दुकान उघडायचंय, आणि निघून गेली.

प्रशिक्षकांनी विचारलं, मग त्या शर्यतीचा तुमचा सत्कार तरी कसा करायचा, पदक तर तुमचंही गेलं.   तिसरी म्हणाली की पदकाचा करू नका, पळण्याचा करा. पळालो होतो, तेही स्वतःच्या पायांनी. मिळणार असेल तर मी घेणार, लाजणार नाही.

अध्यक्ष हसले आणि त्यांनी सचिवांना मजकूर लिहायला सांगितला. सचिवांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'एका दुर्दैवी घटनेमुळे हे पदक परत करावं लागलं.'

"दुर्दैवी कसलं?" तिसरी म्हणाली. "वीज पडली होती का?"

सचिवांनी खोडलं. पुन्हा लिहिलं, त्यात 'अनवधानानं' आलं. तिनं तेही काढायला लावलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले, पहिलीनं तिला टेबलाखालून कोपरानं ढोसलं, पण ती हलली नाही. शेवटी कागदावर दोन वाक्यं उरली. चौथ्या धावपटूनं बंदी असलेलं औषध घेतल्यामुळे हे पदक परत घेण्यात आलं. बाकीच्या तिघींनी ते घेतलं नव्हतं आणि त्यांना त्याची माहिती नव्हती.

तिसरीनं ती स्वतः वाचली, मग पहिलीला वाचायला दिली. पहिलीनं नाक ओढत वाचली आणि चौघींची नावं धावण्याच्या क्रमानं वर घाला म्हणाली. सचिवांनी घातली.

"आता मूळ फोटो द्या इकडे," तिसरी म्हणाली. "फ्रेम मीच करून आणते. तुमच्या त्या माणसाच्या हातात परत देऊ नका."