आंधळीचं घड्याळ

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी नागपूरला कॉलेजात शिकवायचो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायचो. चिंचेचं रोप कायम अंधारात ठेवलं तरी त्याची पानं संध्याकाळच्या वेळी मिटतात का, हे बघायला मी आलापल्लीजवळच्या एका गावात खोली घेऊन राहिलो. घर धानाची शेती करणाऱ्यांचं होतं. रोपं महिन्याभरात वाळून गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या घरात मला एक आंधळी बाई सापडली होती.

घरमालकाची ती धाकटी बहीण, तिशीची. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पापण्यांखाली नुसत्या खोबणी उरल्या होत्या. पहाटेचं दळण आणि मग धान कांडणं ही तिची कामं, आणि त्या कामांवर तिची पेज. काही दिवस ती कोंबड्याच्या आधी उठून झपाट्याने सगळं उरकायची. मग दिवस असे यायचे की मुसळ हातात धरून ती उखळापाशीच कलंडायची.

"झोपलेल्याले उठवता येते मास्तर, सोंग घेतलेल्याले कोन उठवन?" असं म्हणून तिची वहिनी तिला काठीने उठवायची.

मी तिच्या निजण्या-उठण्याच्या वेळा लिहू लागलो. अंगाची ऊबही झोपेबरोबर चढते-उतरते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवू लागलो. पंधरा-वीस दिवसांत मला कळलं की ही बाई आळशी नाही. तिची झोप रोज पाऊणेक तास पुढे सरकत होती. डोळस माणसाच्या अंगातलं घड्याळ रोज उजेड बघून जुळतं. हिच्यापर्यंत उजेड पोचतच नव्हता, म्हणून तिचं घड्याळ आपल्याच चालीने चालायचं आणि महिन्याभराने फिरून जागेवर यायचं. मला इतका आनंद झाला की ओसरीवर बसून मी एकटाच हसलो.

मी काहीतरी मोजतोय, एवढं तिला समजत होतं. एकदा थर्मामीटर काढल्याबरोबर ती म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा ना वैनीले, मी सोंग नाई करून राह्यली. झोप मले पाडते, मी काय करू?"

"सांगीन," मी म्हणालो.

सांगितलं नाही. एकदा घडतं तो योगायोग. मला दुसरी फेरी हवी होती, आणि तीही जशीच्या तशी, कुणी मध्ये न पडता. वाईट दिवस पुन्हा आले. वहिनी आता तिच्या अंगावर घागरभर पाणी ओतू लागली. तेव्हा मात्र मी धावत गेलो. "पाणी नका टाकू, बाई! अंग थंड पडतं, माझी नोंद चुकते."

"मंग मारू का?"

मी परत ओसरीवर येऊन वही उघडली. पुढचे बारा-तेरा दिवस मी मार ऐकत वेळा लिहिल्या. त्या वहीत एकही खाडाखोड नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता.

दुसरी फेरी पहिलीसारखीच निघाली. मग मी मोठ्या रुबाबात तिच्या भावाला ओसरीवर बसवलं आणि सगळं समजावलं. ती खरी आहे, सोंग नाही. अमुक दिवस ती जागी राहील, अमुक दिवस तिला दिवसा झोप येईल, आणि हे कुणाच्या हातात नाही. माणूस अडाणी, पण माझ्या कॉलेजातल्या पोरांपेक्षा त्याने ते लवकर समजून घेतलं.

"म्हंजे इतके दिवस कामाची, अन् इतके दिवस बिनकामाची. अन् हे तुमाले आधीच समजते?"

"हो," मी म्हणालो. फुशारकीनेच म्हणालो.

"मंग बिनकामाच्या दिवसात दोन टाइम पेज काऊन द्याची? पडून राह्यन, एक टाइम पुरे." त्याने चुलीतला विझलेला कोळसा आणि चुन्याची डबी माझ्यापुढे ठेवली. "भिंतीवर दिवसाच्या रेघा तुमीच काढून द्या मास्तर. आमाले नाई जमत."

मला त्याची किळस आली. स्वतःची यायला बरीच वर्षं लागली, कारण रेघा मी काढून दिल्या. चुन्याच्या कामाच्या, कोळशाच्या बिनकामाच्या. निदान मार तरी थांबेल, अशी मी मनाची समजूत घातली. मार खरंच थांबला. मारायचं कारणच उरलं नव्हतं.

भावाने तिला रेघांचं सांगितलं होतं. काही दिवसांनी सकाळी मी थर्मामीटर घेऊन गेलो, तर ती भिंतीवरून हात फिरवत बसली होती. रेघा हाताला लागत नव्हत्या. नुसता तळवा काळा-पांढरा झाला होता.

"भाऊ, तुमी सांगतो म्हनले होते, तुमी सांगितलं. लय उपकार झाले," ती म्हणाली. "आज कोनती रेघ हाय?"

"काळी," मी म्हणालो, आणि तिने पुढे काही विचारायच्या आत थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला.