निळी वायर

विंचूरच्या कारखान्यातला सर्व्हर मी नाशिकच्या ऑफिसातून सांभाळायचो. एकदा घाईत चुकीची कमांड देऊन मीच त्याचं नेटवर्क बंद केलं आणि धावत विंचूर गाठलं. आमचा देखभालीचा माणूस मनमाडहून आला. त्याने आपल्या लॅपटॉपची, नेटवर्कशिवायही चालणारी निळी कन्सोल वायर शर्टाला पुसून थेट सर्व्हरला जोडली, एन्टर दाबलं आणि थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"जिवंत हाय. शेवटची कमांड तुमचीच दिसती, साहेब. लय मनाला लावून घेऊ नका."

मॅनेजरने त्याला फोनवर कारण विचारलं, तेव्हा माझ्याकडे बघत तो म्हणाला, "नेटवर्कची वायर सैल व्हती."

अहवालात मी तेच लिहिलं, आणि ती त्यानेच सैल ठेवल्याचंही. त्याचं काम गेलं.

वायर घट्टच होती.